रस सरकारचा, दाणा शेतकऱ्याचा : माळव्याच्या खसखशीची गोष्ट



आजचा विषय खसखस. विषय वाचून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा स्वयंपाकघराचा विषय कुठून आला. पण थोडं थांबा. आपल्या घरात खसखस येते ती दिवाळीच्या यादीत, पन्नास ग्रॅमची पुडी म्हणून. एका ग्रॅममध्ये साधारण तीन हजार दाणे मावतात, इतकं ते बारीक बी. वाण्याकडे जाऊन ही पुडी कोणीही विकत घेऊ शकतं, त्यात बेकायदेशीर काहीही नाही. मात्र ज्या झाडाचं हे बी आहे ते झाड परवान्याशिवाय परसात लावलं, तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. कारण ते अफूचं झाड आहे.

दाणा कायदेशीर आणि झाड बेकायदेशीर, हे कसं झालं? आणि हा दाणा येतो कुठून? आपल्या देशात पिकणारी खसखस मुख्यतः माळवा आणि त्याला लागून असलेल्या मेवाड-हाडौतीच्या पट्ट्यातली. मंदसौर, नीमच, रतलाम, चितोडगड, प्रतापगड, झालावाड ही त्या पट्ट्यातली नावं. यातल्या मंदसौर आणि नीमच जिल्ह्यांचा मोठा भाग १९४८ पर्यंत ग्वाल्हेर संस्थानात, म्हणजे शिंद्यांच्या राज्यात होता. त्यामुळे ही गोष्ट परक्या मुलखाची नाही. आपल्या इतिहासाचा एक धागा तिच्यात आहे, आणि तो फारसा कोणी ओढून बघत नाही.

अफूचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. चीनची युद्धं, कंपनीची मक्तेदारी, मुंबईचे व्यापारी, सगळं. आज आपण तोच इतिहास दाण्याच्या बाजूनं बघणार आहोत.

एक झाड, चार वस्तू

सुरुवात झाडापासून करू. अफूचं बोंड, माळव्यात त्याला डोडा म्हणतात, हिरवं असताना त्याच्या सालीत दुधासारखा चीक असतो. सालीला चिरा दिला की तो बाहेर येतो, वाळून तपकिरी होतो, ती अफू. बोंडाच्या आत जे बी असतं, त्यात हा चीक नसतो. चीक वाहून नेणाऱ्या नळ्या बोंडाच्या भिंतीत आहेत, दाण्यात नाहीत. म्हणून एकाच बोंडाच्या सालीत गुंगी आणि पोटात अन्न, अशी निसर्गानंच केलेली वाटणी आहे. दाण्याला बाहेरून चिकाचा अंश लागलेला असू शकतो, त्याबद्दल शेवटी बोलू.

आपल्या जुन्या वैद्यकाला ही वाटणी नीट ठाऊक होती. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये अफू नाही. ती नंतर, मध्ययुगात, अरब व्यापाराबरोबर आली. शार्ङ्गधरसंहितेत ती आहे, आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तर या झाडाच्या वस्तूंची वेगवेगळी नोंद आहे : फळ वेगळं, फळाची साल वेगळी, चीक म्हणजे अहिफेन वेगळं, आणि बी वेगळं. बियांना तिथे ‘खसतिल’ म्हटलं आहे. म्हणजे तिळासारखा एक दाणा. बघा, नाव देणाऱ्याच्या डोक्यात दाण्याची जागा तिळाशेजारी आहे, विषाशेजारी नाही.

‘अहिफेन’ या शब्दाचीही गंमत आहे. सापाचा फेस असा त्याचा अर्थ लागतो. पण मूळ शब्द ग्रीक ‘ओपियॉन’, म्हणजे रस; त्याचं अरबीत ‘अफ्यून’ झालं, आणि संस्कृतात येताना त्याला साप चिकटला. आपलं ‘अफू’ त्याच घराण्यातलं.

आता दाण्याची नावं बघू. अरबी-फारसीत या झाडाला ‘खशखाश’ म्हणतात. त्यावरून मराठीत खसखस, कन्नडमध्ये गसगसे, तमिळमध्ये कसकसा, तेलुगूत गसगसालु. पश्चिम आणि दक्षिण भारतानं हे नाव उचललं. बंगालनं आणि हिंदी मुलखाच्या मोठ्या भागानं दुसरंच नाव घेतलं, पोस्तो किंवा पोस्ता. फारसीत ‘पोस्त’ म्हणजे कातडी, साल. बोंडाच्या सालीचं नाव दाण्याला मिळालं. मंदसौरच्या मंडीत आजही ‘पोस्ता दाना’ म्हणूनच सौदे होतात.

ही साल उकळून केलेलं पेय, त्याचंही नाव पोस्तच. फ्रेंच प्रवासी बर्नियेनं सतराव्या शतकात त्याबद्दल लिहून ठेवलं आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलेल्या मोगल राजपुत्रांना हे पोस्त रोज सकाळी पाजत आणि त्यातून ते हळूहळू खंगत जात. दाराशुकोहचा मुलगा सुलेमान शुकोह याला औरंगजेबापुढे आणलं, तेव्हा त्यानं मागणी काय केली? मला मारायचं तर लगेच मारा, पोस्त पाजू नका. औरंगजेबानं तसं वचन दिलं. सुलेमान ग्वाल्हेरच्याच किल्ल्यात १६६२ मध्ये मेला.

इतिहासाचा योगायोग असा की, भारत सरकारच्या अफू खात्याचं, म्हणजे केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आज त्याच ग्वाल्हेरला आहे. १९६० मध्ये ते सिमल्याहून तिथे हलवलं.

कंपनीच्या आधीचा माळवा

माळव्याची काळी जमीन, ओल धरून ठेवणारी, आणि हिवाळा कोरडा पण कडाक्याचा नाही. या पिकाला हेच लागतं. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचं औषधी द्रव्यांवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात अफूवर एक संवाद आहे. खंबायतच्या बंदरात जी अफू मिळते ती मुख्यतः माळव्यातून येते, असं तो सांगतो. म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यावर माळव्याच्या अफूचं नाव समुद्रापर्यंत पोचलेलं होतं.

त्यानंतर तीसेक वर्षांनी अबुल फजल आईन-ए-अकबरीत माळवा सुभ्याचं वर्णन करतो. तिथला गहू, अफू, ऊस, आंबे चांगले असतात, असं म्हणतो. आणि पुढे एक वाक्य टाकतो : लहान-थोर सगळेच आपल्या मुलांना तिसऱ्या वर्षापर्यंत अफू देतात. हे वाचून आपल्याला धक्का बसतो. पण मुंबईच्या गिरणगावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन निजवत होत्या, हे मजुरांच्या स्थितीवरच्या त्या काळच्या लिखाणात नोंदलेलं आहे. बारा-बारा तास गिरणीत उभं राहणाऱ्या बाईला दुसरा पर्याय कोणी दिला होता? तेव्हा माळव्याच्या लोकांना नावं ठेवण्याआधी आपल्या परळ-लालबागकडेही बघायला हवं.

अठराव्या शतकात माळवा मराठ्यांकडे आला. शिंदे, होळकर, धार आणि देवासचे पवार. उज्जैन, इंदूर, मंदसौर, रतलाम इथल्या सावकारांच्या पेढ्या अफूवर पैसे चालवू लागल्या. शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी उचल द्यायची, चीक हाती आला की वसूल करायची, हा रिवाज. दरबाराला त्यातून सारा मिळायचा, वाटेवरच्या नाक्यांवर जकात मिळायची.

बिहारचा नियम माळव्यात चालेना

तिकडे पूर्वेला ईस्ट इंडिया कंपनीनं वेगळाच खेळ मांडला होता. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं बंगाल-बिहारच्या अफूची मक्तेदारी कंपनीकडे घेतली. पुढे पाटणा आणि गाझीपूर अशा दोन एजन्सी झाल्या. तिथे शेतकऱ्यानं अफू पिकवायची ती कंपनीच्या परवान्यानं, आणि द्यायची ती कंपनीलाच, कंपनी ठरवेल त्या दरानं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दहा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबं या जाळ्यात होती. रोल्फ बाउअर या अभ्यासकानं त्यांच्या हिशेबांवर लिहिलेलं पुस्तक २०१९ मध्ये आलं. त्याचा निष्कर्ष असा की मजुरी, खंड, पाणी सगळं धरलं तर बहुतेकांना हे पीक तोट्यातच जात होतं.

माळव्यात मात्र कंपनीची जमीन नव्हती. तिथली अफू गुजरातच्या बंदरांतून, पोर्तुगीजांच्या दमणमधून चीनकडे जायची आणि कंपनीच्या अफूशी स्पर्धा करायची. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई झाली, ६ जानेवारी १८१८ ला होळकरांशी मंदसौरचा तह झाला. आपण हा तह मराठेशाहीच्या अस्ताचा एक टप्पा म्हणून शिकतो. कंपनीला मात्र त्यातून माळव्याच्या अफूवर हात ठेवायची संधीही दिसली.

मग कंपनीनं काय केलं? आधी स्वतःच बाजारात उतरून माळव्याची अफू विकत घेऊन बघितली. दर वाढले, पीक वाढलं, कंपनी फसली. मग संस्थानिकांशी पीक मर्यादित ठेवण्याचे करार केले. काहींनी सह्या केल्या. ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारानं नकार दिला. करार झाले तिथेही माल आडवाटेनं निघायचा. माळव्याहून मारवाडात पाली, तिथून जैसलमेर, वाळवंट ओलांडून कराची, आणि कराचीहून गलबतानं दमण. नकाशावर हा वळसा बघा म्हणजे नफा किती असेल ते कळेल.

शेवटी १८३० मध्ये कंपनीनं हार मानली आणि दुसरी युक्ती काढली. माल खुशाल न्या, पण मुंबईमार्गे न्या आणि पेटीमागे शुल्क भरा. एक पेटी म्हणजे साधारण १४० पौंड, आजचे त्रेसष्ट किलो. हे शुल्क १८३५ मध्ये १२५ रुपये होतं. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची आडवाट बंद झाली, आणि १८४७ पर्यंत शुल्क ४०० रुपयांवर गेलं. पळवाट बुजली की कर वाढतो, हा नियम जुनाच आहे.

या प्रवाहातून मुंबई उभी राहिली, असं अमर फारुकी यांच्यासारख्या इतिहासकारांनी सविस्तर मांडलं आहे. सर जमशेटजी जीजीभॉय हे या व्यापारातलं सर्वांत मोठं नाव. १८४५ चं जे. जे. रुग्णालय, १८५७ ची जे. जे. कलाशाळा, यांच्या मागच्या पैशात माळव्याच्या डोड्यांचा मोठा वाटा आहे. ही गोष्ट सांगताना त्या माणसाचं दातृत्व कमी करायचं कारण नाही. पण रुग्णालयाच्या पायरीवरून मंदसौरच्या शेतापर्यंत एक रेघ जाते, ती पुसायचंही कारण नाही.

दाणा कोणाचा?

आता आपण मुख्य प्रश्नाकडे येतो. अफूच्या प्रत्येक शेरावर कोणाचा तरी हक्क होता. पूर्वेला कंपनीचा, माळव्यात सावकाराचा, दरबाराचा, नाकेदाराचा. दाण्यावर मात्र हक्क सांगायला कोणी आलं नाही. पूर्वेच्या एजन्सीतसुद्धा चीक जमा केल्यावर बी शेतकऱ्याकडेच राहायचं. त्यानं ते खावं, घाण्यावर तेल काढावं, पेंड गुराला घालावी, उरलं तर विकावं.

आणि ते विकलं जायचंही. दाण्यात चाळीस ते पन्नास टक्के तेल असतं. एकोणिसाव्या शतकात भारतातली खसखस तेलबी म्हणून फ्रान्स-बेल्जियमला जात होती. तिथे तिचं खायचं तेल व्हायचं, चित्रकारांच्या रंगातही ते तेल वापरायचे.

म्हणून तोट्यातलं पीक शेतकरी का करत राहिला, याचं उत्तर देताना उचल आणि सक्तीबरोबर हा दाणाही मोजला पाहिजे. हिशेबाच्या वहीत अफूचा आकडा असायचा. घरातलं तेल आणि ताटातलं कालवण त्या वहीत नव्हतं.

बंगालच्या पोस्तोची कहाणी इथेच जोडते. बांकुडा, बीरभूम, पुरुलिया, बर्धमान, म्हणजे राढ प्रदेश. उन्हाळा कडक, जमीन कोरडी. तिथे खसखस हा मसाला नाही, ती भाजीच आहे. बटाट्याबरोबर आलू पोस्तो, दोडक्याबरोबर झिंगे पोस्तो, नुसत्या वाटणाचे वडे. सोबत उडदाची पातळ डाळ आणि भात. असं सांगतात की कंपनीच्या अफूचा चीक गेल्यावर उरलेलं बी स्वस्तात मिळू लागलं आणि बायकांनी त्याचं अन्न केलं. बी खाणं कंपनीच्या आधीपासून होतं, भावप्रकाशच त्याला साक्ष आहे. पण चिमूटभर घालायचा दाणा वाटीभर घालायचा होतो, तो भरपूर आणि स्वस्त असल्याशिवाय नाही. शेजारच्या बिहारमध्ये लाखो बिघे अफूखाली गेल्यावरच ते शक्य होतं, असं मला वाटतं. कथेतला हा भाग त्यामुळे पटतो.

महाराष्ट्रात ती चिमूटभरच राहिली. कारण उघड आहे. आपल्याकडे वाटणाला खोबरं होतं, तीळ होते, पुढे शेंगदाणा आला. माळव्याहून भाडं भरून येणारा दाणा भाजीइतका घालणं परवडणारं नव्हतं. म्हणून तो सणाला आणि पाहुण्याला राखून ठेवला. अनारशाला खसखस एकाच बाजूनं लावायची, ती बाजू वर ठेवून तळायचं, उलटायचं नाही, वरून झाऱ्यानं तूप उडवायचं. करंजीच्या आणि मोदकाच्या सारणात भाजलेली खसखस. बाळंतिणीला खसखशीची खीर, डिंकाच्या लाडवात मूठभर. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्शाचा दाटपणा खसखस-काजू-तिळाचा. मालवणी मसाल्यात ती आहे, गोव्याच्या शागुतीत आहे. सगळीकडे थोडीच, पण काढून टाकली तर चव बसत नाही.

आणि खुद्द माळव्यात? तिथे झाड पेरल्यापासून खाणं सुरू होतं. दाट उगवलेली रोपं विरळ करताना उपटलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. ही भाजी शहरात विकत मिळत नाही, शेतावरच्या घरीच मिळते. थंडीत तुपातला खसखशीचा हलवा, होळीला थंडाईत वाटलेली खसखस. पदार्थ साधे आहेत, पण दाणा मूठमुठीनं पडतो, कारण तो घरचा आहे.

काळं सोनं, पांढरा दाणा

चीनला जाणारी भारताची अफू १९१३ मध्ये थांबली. माळव्याच्या पेढ्या दुसऱ्या धंद्यांकडे वळल्या, लागवड आटली. स्वातंत्र्यानंतर सगळं नियंत्रण केंद्राकडे आलं, १९५० मध्ये नार्कोटिक्स आयुक्त नेमला गेला. आज मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश इथल्या ठरावीक भागांतच परवाने मिळतात. अफू सरकारलाच द्यायची. तिचे कारखाने नीमच आणि गाझीपूरला. तिच्यातून मॉर्फिन, कोडीन काढतात. कर्करोगाच्या रुग्णाला वेदना थांबवायला जे औषध मिळतं, ते याच शेतांतून येतं. हेही विसरायला नको.

१९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा ‘पॉपी स्ट्रॉ’ची, म्हणजे बोंडा-काड्यांची व्याख्या करतो, तेव्हा कंसात एक सवलत देतो : बिया सोडून. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही तेच आहे. आपल्या अनारशावरची खसखस या दोन शब्दांवर तगून आहे.

या पिकाचा हंगाम असा. दिवाळीच्या आसपास पेरणी. जानेवारीत फुलं, बहुतेक पांढरी, काही जांभळट. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिरे. शेतात पहिला चिरा देण्याआधी कालीमातेची पूजा करतात, कारण अफू म्हणजे ‘काळं सोनं’. दुपारी चार-पाच पात्यांच्या हत्यारानं डोड्याला चिरा द्यायचा, रात्रभर चीक पाझरू द्यायचा, पहाटे ऊन चढायच्या आत खरवडून घ्यायचा. एकेका डोड्याला असे तीन-चार वेळा. चिरा खोल गेला आणि भिंत फुटली, तर चीक आत उतरून दाणा नासतो. म्हणजे चांगला हात तोच, जो चीक काढतो आणि दाणा वाचवतो. रात्री चोरांची राखण, दिवसा पोपटांची; पोपट डोडे तोडून नेतात, म्हणून कित्येक शेतांवर जाळी लावलेली दिसते.

परवाना मिळतो तो फार थोड्या जमिनीचा. तिथे माप ‘आरी’ चालतं, शंभर आरी म्हणजे एक हेक्टर. दहा आरीचा पट्टा घ्या. अफू निघेल साधारण सहा किलो. सरकारी दर किलोला नऊशेपासून साडेतीन हजारांपर्यंत. सर्वांत वरचा दर धरला तरी एकवीस हजार. त्याच दहा आरीत खसखस निघते ऐंशी ते शंभर किलो. मंडीत किलोला हजार रुपये धरले तर ऐंशी हजार ते एक लाख. मग हा शेतकरी अफूचा शेतकरी म्हणायचा की खसखशीचा? कागदावर अफूचा. पण मुलीच्या लग्नाचा खर्च तो ज्याच्या भरवशावर ठरवतो, तो दाणा.

तरी दाण्यासाठी अफू नीट काढावी लागते, कारण ठरलेलं किमान उत्पादन आलं नाही तर पुढच्या वर्षीचा पट्टा जातो. पट्टा गेला की दाणाही गेला. गारपीट झाली, तर तक्रार अफूची करायची आणि रडायचं दाण्यासाठी.

आता यात एक बदल होतो आहे. गेल्या काही वर्षांत सरकारनं चिरा न देण्याच्या पद्धतीचे परवाने द्यायला सुरुवात केली आहे. डोडा तसाच वाळू द्यायचा, बी शेतकऱ्यानं घ्यायचं, बोंडाची साल सरकारला द्यायची. कारखान्यात तिच्यातून मॉर्फिन काढायचं. ही वाट तुर्कस्तानची आहे. त्यांच्याकडे तर एका शहराचं नावच अफूवरून आहे, अफ्योनकाराहिसार. १९७१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली तुर्कस्ताननं अफूवर बंदी घातली. पण तिथल्या शेतकऱ्यालाही दाणा, तेल आणि पेंड हवी होती. १९७४ मध्ये लागवड पुन्हा सुरू झाली ती चिरा न देता. चीक गेला, दाणा राहिला. आज भारतात येणाऱ्या परदेशी खसखशीतली मोठी वाटणी तुर्कस्तानची आहे, आणि त्या आयातीची नोंदणीही ग्वाल्हेरलाच होते.

आपल्याकडे या बदलावर दोन मतं आहेत. चोरी कमी होईल, पहाटेचे कष्ट वाचतील, हे खरं. पण खरवडणीवर महिनाभर मजुरी मिळवणाऱ्या बायकांचं काम जाईल, आणि चार पिढ्यांचा तो हातही जाईल. धोरण ठरवताना या दोन्ही गोष्टी टेबलावर असाव्यात, एवढंच मला म्हणायचं आहे.

मागणी मात्र वाढतेच आहे. किरकोळ दुकानात खसखस हजाराच्या बरीच पुढे गेली. बंगालमध्ये गरिबाच्या ताटातला पोस्तो पाहुण्यांच्या ताटात जाऊन बसला. २०२३ मध्ये पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी विधानसभेत प्रश्न केला की आमची माणसं पोस्तो खातात, मग तो पिकवायची परवानगी काही राज्यांनाच का? एकेकाळी कंपनीनं सक्तीनं वाढवलेलं पीक आता सरकारकडे मागून घ्यायची वेळ आली आहे.

मला वाटतं, अफूच्या इतिहासात राजे आहेत, गव्हर्नर आहेत, शेठ आहेत. दाण्याच्या इतिहासात शेतकरी आहे आणि पाट्यावर बसलेली बाई आहे. त्यांनी जप्त न होणारा भाग ओळखला आणि त्यावर घर चालवलं. पुढच्या दिवाळीत अनारसा हातात घ्याल, तेव्हा ही वाटणी आठवा. 

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : खसखशीची खीर खाल्ली की झोप येते, ते अफूमुळेच ना?

दाण्यात अफू नसते, पण काढणीच्या वेळी सालीचा चीक बाहेरून किंचित लागलेला असू शकतो. धुतल्यावर, भिजवल्यावर, भाजल्यावर तो आणखी कमी होतो. खिरीनंतरची सुस्ती बरीचशी दूध, तूप, साखर आणि भरल्या पोटाची. मात्र तो सूक्ष्म अंश लघवीच्या तपासणीत दिसू शकतो, म्हणून खेळाडूंनी सांभाळावं. आणि महत्त्वाचं म्हणजे, संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस नेण्यावर बंदी आहे. तिकडच्या लेकी-सुनांना दिवाळीचा डबा पाठवताना अनारसे खसखशीशिवाय करा किंवा पाठवूच नका.

प्रश्न : बेकरीतल्या पावावर काळसर दाणे असतात, ती वेगळी वनस्पती आहे का?

नाही, वनस्पती तीच, वाण वेगळा. मध्य युरोपात निळसर-करडा दाणा पिकवतात. चेक प्रजासत्ताक त्यात आघाडीवर आहे. तिकडे तो दळून, गोड करून केकच्या आत भरतात. आपला आणि तुर्कस्तानचा खायचा दाणा मुख्यतः पांढरट. वाटणासाठी तोच चांगला, रश्श्याचा रंग बिघडत नाही.

प्रश्न : मिक्सरमध्ये खसखस नीट वाटली जात नाही, काय करावं?

दाणा इतका बारीक आणि गोल असतो की पात्याखालून निसटतो. कोमट पाण्यात तासभर भिजवा, किंवा मंद आचेवर हलकी भाजून कोरडीच आधी फिरवा आणि मग खोबरं घाला. पाटा-वरवंटा असेल तर प्रश्नच नाही. हा दाणा वाटायला त्याच्याइतकं चांगलं यंत्र अजून घरात आलेलं नाही.